वाक्संश्लेषण

लिखित मजकूर संगणकाकरवी मोठ्याने वाचवून घेण्याचे तंत्र. 'टेक्स्ट टू स्पीच' किंवा 'टीटीएस' या नावांनीही परिचित.

इतिहास : भाता व कंप पावणारी पट्टी वापरून व्होल्फगांग फॉन केम्पेलन यांनी बोलके यंत्र बनवले आणि १७९१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बेल प्रयोगशाळेचे 'व्होडर' (१९३९) हातांनी वाजवावे लागे. मजकूर वाचणे त्याला शक्य नव्हते. छापील पान अंधांना वाचून दाखवणारे रेमंड कर्झवाइल यांचे यंत्र १९७६ मध्ये आले. स्टीफन हॉकिंग यांचा सर्वपरिचित आवाज डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून घडला. 'वेव्हनेट'पासून (२०१६) न्यूरल जाळ्यांवर आधारलेले, मानवी आवाजाच्या जवळ जाणारे संश्लेषण रुळले.

पद्धती : स्वरगुणांची गणिती घडण, ध्वनिमुद्रित तुकड्यांची जोडणी व न्यूरल जाळी.

मराठीचे उच्चार : मराठी लिहिली जाते तशीच बोलली जाते, हा समज येथे अपुरा पडतो. 'घर'मधील अन्त्य अ उच्चारला जात नाही. 'करवत' हा शब्द 'कर्वत्' असा ऐकू येतो. च, ज, झ यांना तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार असून लेखनात भेद नाही. 'जग' म्हणजे विश्व की जगण्याची आज्ञा, 'चार' म्हणजे संख्या की चारण्याची आज्ञा, हे संदर्भावरूनच ठरते आणि उच्चारही त्यानुसार बदलतो. अनुस्वार 'अंक', 'संत', 'अंबा' या शब्दांत अनुक्रमे ङ्, न्, म् होतो. 'झालं'मध्ये मात्र तो केवळ अन्त्य अ लांबवतो. '१९४७' हे वर्ष असल्यास 'एकोणीसशे सत्तेचाळीस', रक्कम असल्यास 'एक हजार नऊशे सत्तेचाळीस' असे वाचावे लागते. 'पु. ल.' या आद्याक्षरांपुढील टिंबे वाक्याचा शेवट नव्हेत, हेही प्रणालीला शिकवावे लागते.

मराठी प्रणाली : मुक्तस्रोत 'ईस्पीक एनजी'मध्ये मराठी आहे, 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर ती वापरतो. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या प्रकल्पातही मराठीचा समावेश होता.

मजकुराची उपलब्धता : युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. परिणामी वाचनप्रणाली निरर्थक ध्वनी काढते आणि अंध वाचकाला ते पुस्तक बंदच राहते. म्हणून जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर हे उत्तम आवाजाइतकेच निकडीचे काम होय.