मन मोकळं करायच्या जागा

आज आपण बोलणार आहोत चाळिशी-पन्नाशीनंतर मनावर येणाऱ्या ताणाबद्दल. हे करा, ते करू नका, अशी यादी मात्र आम्ही वाचणार नाही. आज जरा मागं वळून बघू. आपल्याच पुण्यात, आपल्या आधीच्या बायकांनी हा ताण कुठं नेऊन उतरवला?

‘टेन्शन’ हा शब्द आज शाळेतली पोरंही वापरतात. ‘स्ट्रेस’ हा शब्द आजच्या अर्थानं रुळला तो मात्र गेल्या शतकात. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं 1936 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं, आणि सततच्या त्रासाचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास पुढं वाढत गेला. त्याआधी बायकांना ताण नव्हता असं थोडंच आहे? जिवाला घोर, डोक्याला ताप, काळजाला घरं पडणं हे सगळं होतंच. आणि ते उतरवायची एक जागाही होती. जातं.

मावळ-मुळशीच्या गावांतून पहाटे दळताना बायकांनी ज्या ओव्या गायल्या, त्या पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून जमलेल्या या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांत काय नाही? माहेरची ओढ, लेकीची काळजी, नवऱ्याचा राग, दुष्काळ, म्हातारपण. सासूसमोर जे बोलता येत नव्हतं ते जात्यापाशी बोललं जाई. पण जात्याचे फार गोडवे गाऊ नयेत. दळणानं कंबर मोडायची, झोपही पुरी होत नसे. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. त्याबरोबर ती बोलायची जागा मात्र गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही.

आता शहरात येऊ. 16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मूलबाळ नाही, आणि ज्यांनी लिहा-वाचायला शिकवलं तो आधारही गेला. त्या मुंबईहून पुण्याच्या वाड्यात आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तिथल्या बायकांशी बोलू लागल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथं शिवण, शिक्षिकेचं काम, परिचारिकेचं शिक्षण अशी पोटापाण्याची विद्या बायकांना मिळू लागली. 1910 साली रमाबाईंनी आपल्या आठवणी पुस्तकरूपानं छापल्या. आम्हांला यातलं ते पहिलं वर्षही महत्त्वाचं वाटतं. आज कुणी दुःखात असलं की आपण आठ दिवसांत म्हणतो, “अगं, सावर आता स्वतःला.” रमाबाईंना सावरायला वर्ष लागलं. त्यात कमीपणा काही नव्हता.

हिंगण्याच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. विशीत वैधव्य आलं. पुढं महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. इंग्रजी येत नाही ही टोचणी मनात होतीच. म्हणून 1918 साली, पन्नाशी जवळ आलेली असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं केली, भाषा शिकल्या, संस्थेसाठी पैसे जमवले आणि परत आल्या. “आता या वयात काय शिकायचं?” हे वाक्य आपल्यापैकी कितीजणी दररोज म्हणतात! त्यांची बहीण बाया कर्वे यांनी तर ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र म्हातारपणीच लिहिलं. ते 1944 साली छापून आलं. नवरा जगप्रसिद्ध असताना घर चालवताना आपली काय ओढाताण झाली, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं.

पुढचं वळण 1982 चं. पुण्यातल्या तरुण विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी शहर हादरलं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच सुरू केला. मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं. ते पाहायला आलेल्या बायका तिथंच थांबून आपलं दुःख सांगू लागल्या. यांना बोलायला जागाच नाही, हे त्यातून लक्षात आलं, आणि ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभं राहिलं. नावातच उपाय आहे बघा! 1986 साली येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तिथंही नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट सुरू झाला. आजारी माणसावर उपचार होतात, पण त्याला सांभाळणारीचं काय, हा प्रश्न तिथं विचारला गेला.

पण सगळा ताण बोलून जातो असंही नाही. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांना रस्त्यावर चोर म्हणून हटकलं जायचं. संघटनेचं ओळखपत्र हातात आलं आणि ती रोजची धास्ती कमी झाली. तिथं ध्यान-प्राणायामापेक्षा ते कार्ड जास्त कामाला आलं. हातात स्वतःचे चार पैसे, हक्काची सुट्टी, घरकामात दुसऱ्याचा हात, हीसुद्धा ताणावरची औषधंच आहेत.

या सगळ्याजणींच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. बोलायला एक जागा, सोबतीला चारजणी आणि स्वतःचं म्हणावं असं एक काम. आज आपल्याकडं भिशी आहे, भजनी मंडळ आहे, सकाळी टेकडीवर फिरायला जाणारा घोळका आहे. फक्त तिथं भाजीचे भाव आणि सुनेच्या तक्रारी यांच्यापलीकडं एखादीनं “मला रात्र रात्र झोप येत नाही गं” असं म्हटलं, तर हसण्यावारी नेऊ नका.

आणि एक गोष्ट आपल्या आज्यांना कुणी सांगितली नव्हती. पाळी जाण्याच्या वर्षांत शरीरातली संप्रेरकं बदलतात. अंगातून एकदम वाफा येणं, छातीत धडधड, चिडचिड, झोपमोड होते. हा तुमचा स्वभाव बिघडलेला नसतो. डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा जगणं नको असं वाटलं, तर क्षणभरही थांबू नका. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

जातं आता माळ्यावर गेलं. ओवी गाणारी मात्र आपल्यातच आहे. तिला बोलू द्या.