टॅब्लेट संगणक : मालवण किनाऱ्यावरील पहिली ओळख

(प्रतिनिधी)

इंग्रजीत ‘टॅब्लेट’ या शब्दाचा एक जुना अर्थ पाटी असा आहे. पडद्याला स्पर्श करून चालविल्या जाणाऱ्या या सपाट संगणकाला मराठीत ते नाव मिळाले नाही. तथापि घरात नवा टॅब्लेट येतो तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा मात्र पाटीचीच असते. तो हलका असावा, मुलांच्या हाती निःशंकपणे देता यावा आणि त्यावर आपली भाषा लिहिता यावी. साधारण अकरा इंची पडद्याचा, फक्त वाय-फायवर चालणारा एक नवा टॅब्लेट काही दिवस मालवण परिसरात वापरून पाहिला. त्या अनुभवाच्या आधारे, खरेदीपूर्वी उपयोगी पडेल अशी ही माहिती.

पार्श्वभूमी

ॲपल कंपनीचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत आणि जानेवारी २०११ मध्ये भारतात विक्रीस आला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचे अनावरण केले. डेटाविंड कंपनीच्या या सात इंची यंत्रात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर व २५६ एमबी रॅम होती. सरकारला ते सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होते. त्याचा पडदा दाबावर चालणारा असल्याने बोट जोराने रेटावे लागे. संथपणा आणि बॅटरीविषयीही तक्रारी झाल्या. आयआयटी मुंबईच्या सहभागाने तयार झालेल्या ‘आकाश २’चे अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. त्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा आला. तरीही प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती टॅब्लेट देण्याचे स्वप्न त्या प्रकल्पातून पूर्ण झाले नाही.

हाताळणी आणि हवामान

आजच्या अकरा इंची टॅब्लेटचे वजन सर्वसाधारणपणे अर्धा किलोच्या आसपास असते. एसटीच्या प्रवासात तो मांडीवर ठेवून वाचणे सुखाचे वाटते; एका हाताने धरून उभ्याने वाचणे मात्र लवकरच अवघड होते. मालवणच्या धक्क्यावर भर दुपारी पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवूनही अक्षरांपेक्षा आपलाच चेहरा अधिक स्पष्ट दिसतो. प्रकाश वाढविला की बॅटरीही वेगाने उतरते.

ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही. हा पडदा बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखतो आणि पाण्याचा थरही तसाच बदल घडवितो. त्यामुळे मासळीच्या बाजारात किंवा पावसात नको ती बटणे दाबली जातात. पाण्यापासून संरक्षणाची हमी ‘आयपी’ क्रमांकाने दर्शविली जाते. त्यातील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. मात्र या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. खाऱ्या पाण्याचा त्यात विचार नसतो. किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या कापडाने यंत्र पुसावे आणि चार्जिंगचे छिद्र पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वायर जोडू नये.

मराठीची कसोटी

देवनागरी उमटविणे ही आता अडचण राहिलेली नाही. परंतु ‘मराठी’ आणि ‘हिंदी’ हे कीबोर्ड वेगळे आहेत, हे दुकानातच तपासावे. ‘नळ’, ‘वाऱ्यावर’ आणि ‘ॲप’ हे तीन शब्द लिहून पाहिले की पुरे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यामुळे जुन्या यंत्रांत त्याच्या जागी कधीकधी रिकामा चौकोन दिसतो. ‘वाऱ्यावर’मधील अर्धा र दोन प्रकारे साठविला जातो. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली, तरी शोध घेताना एक लिहिल्यास दुसरे सापडेलच असे नाही. गावाच्या वा व्यक्तीच्या नावाचा शोध फसला, तर हेही एक कारण असू शकते.

कशासाठी उपयोगी?

मोबाइलवर सातबारा उतारा पाहताना तो सतत सरकवावा लागतो. टॅब्लेटवर संपूर्ण तक्ता एका दृष्टिक्षेपात येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत आणि या पडद्यावर ती पुस्तकासारखीच वाचता येतात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे संभाव्य मासेमारी क्षेत्राचे नकाशे बंदरावर बसून पाहणेही सोपे जाते. होडीत मात्र त्यावर विसंबू नये. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटमध्ये जीपीएस ग्राहक नसतो. शहरात ते आसपासच्या वाय-फायवरून स्थान ठरवितात. समुद्रात तो आधार मिळत नाही.

वीज आणि रेंज

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात ठेवली. पावसाळ्यात वीज जाणे किनाऱ्याला नवे नाही. टॅब्लेटची बॅटरी मोठी असल्याने ती भरण्यास वेळ लागतो आणि मोबाइलसाठी घेतलेली लहान पॉवर बँक तिला अपुरी पडते.

त्याहून मोठा प्रश्न रेंजचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गांसाठी डोंगरावर झोपडी उभारून बसावे लागले होते. यंत्र तिच्याकडे होते. घरी रेंज नव्हती. चाचणीदरम्यानही माडांच्या आडोशातील घरात एका खोलीत चालणारा व्हिडिओ शेजारच्या खोलीत थांबत असे.

म्हणून गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी किंवा पाल्यासाठी टॅब्लेट घेणाऱ्या मुंबई-पुण्यातील वाचकांनी आधी त्या घरात कोणत्या कंपनीची रेंज मिळते, याची चौकशी करावी. ब्रॉडबँड नसल्यास सिमकार्डाची सोय असलेलाच टॅब्लेट घ्यावा. शाळा सुरू होण्यापूर्वी पाठ्यपुस्तके त्यात उतरवून ठेवावीत. वीज आणि रेंज दोन्ही गेल्या, तरी तेवढा अभ्यास मुलांच्या हाती राहील.