कुठूनच न आलेले पैसे

शाळेच्या बॅंडसाठी किंवा चर्चच्या छपरासाठी घरोघरी केक भाजायचे आणि टेबल मांडून विकायचे, ही अमेरिकेतली जुनी रीत. अशा विक्रीची इतिहासात सहसा नोंद होत नाही. अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरी शहरात मात्र 1955-56मध्ये केकच्या पैशांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या एका आंदोलनाच्या गाड्यांत पेट्रोल भरले. ते केक भाजणाऱ्या बहुतेकींची नावे आजही ठाऊक नाहीत, कारण ती कळू नयेत अशीच व्यवस्था होती.

ही व्यवस्था लावली जॉर्जिया गिल्मोर या कृष्णवर्णीय बाईंनी. जन्म 1920चा. देह धिप्पाड, जीभ फटकळ, पदरी सहा मुले. ‘नॅशनल लंच कंपनी’ या खाणावळीत त्या स्वयंपाक करत, शिवाय सुईणपणही करत. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडल्याबद्दल कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना अटक झाली ती 1 डिसेंबर 1955 रोजी. गिल्मोरबाईंनी त्याआधी ऑक्टोबरातच एकटीने बसवर बहिष्कार टाकला होता. पुढच्या दाराने चढून त्यांनी भाडे भरले, तेव्हा चालकाने खाली उतरून मागच्या दाराने यायला फर्मावले. त्या उतरल्या आणि त्याने बस हाकलली. भाडे गेले ते गेलेच.

पार्क्स यांच्या अटकेच्या निषेधार्थ 5 डिसेंबरला शहरभर बसवर बहिष्कार सुरू झाला. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रचंड सभा ठरली होती. गिल्मोरबाई आणि मैत्रिणींनी 14 डॉलर जमवले, कोंबड्या, पाव आणि सॅलडचा पाला आणला आणि सॅंडविचेस करून सभेत विकली. आलेले पैसे आंदोलनाला दिले.

भाषणांनी माणसे उठतात, पण सकाळी सातला कामावर पोचायला गाडी लागते. 26 वर्षांच्या मार्टिन ल्युथर किंग यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने सुमारे 300 मोटारींची ने-आण उभी केली. पेट्रोल, टायर, दुरुस्ती, सगळेच खर्चाचे. स्थानिक विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा घ्यावा लागला.

वर्गणी द्यायला कृष्णवर्णीय बायका तयार होत्या. पण त्यांतल्या कितीतरी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करत. यादीत नाव दिसले की दुसऱ्या दिवशी काम सुटले असते. गिल्मोरबाईंनी यादीच ठेवली नाही. पावतीपुस्तक नाही, सभासदांची वही नाही. कोण भाजते आणि कोण पैसे देते, हे फक्त त्यांच्या डोक्यात. मंडळाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असे कुणी विचारलेच, तर उत्तर नावातच होते: कुठूनच नाही.

पाउंड केक आणि रताळ्याचे गोड सारण भरलेले ‘स्वीट पोटॅटो पाय’ हा मुख्य माल. तो ब्यूटी पार्लरमध्ये, लॉंड्रीत, दारोदार खपे. गिऱ्हाइकांत गोरेही होते, म्हणजे त्यांच्या चवीचे पैसेही बहिष्काराच्या पेट्रोलमध्ये गेले! आंदोलनाच्या सोमवारच्या सभेत गिल्मोरबाई गात यायच्या आणि थाळीत रक्कम ओतायच्या. कधी सव्वाशे, कधी दोनशे डॉलर. बसचे तिकीट दहा सेंट असतानाची ही रक्कम. पुढे शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला आणि कोण जास्त आणते याची दर आठवड्याला खुशीची चुरस लागली.

स्वतःचे नाव मात्र त्यांनी लपवले नाही. बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा मार्च 1956मध्ये गिल्मोरबाईंनी न्यायालयात बसचालकाची हकिकत सांगितली. त्यापायी खाणावळीतली नोकरी गेली. किंग यांनी घरीच खाणावळ काढायला सुचवले, सुरुवातीला पैशांची मदतही केली. लवकरच डेरिकोट स्ट्रीटवरच्या त्या घरात जेवणाबरोबर आंदोलनाच्या मसलतीही होऊ लागल्या.

बहिष्कार 381 दिवस चालला आणि 21 डिसेंबर 1956पासून बसमधला वर्णभेद संपला. गिल्मोरबाई थांबल्या नाहीत. गोऱ्यांसाठी राखीव बागेतून गेल्याबद्दल त्यांच्या मुलाला मारहाण झाली, म्हणून त्यांनी शहरावरच दावा लावला. ‘गिल्मोर विरुद्ध मॉंटगोमेरी शहर’ हे प्रकरण 1974मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले.

मार्च 1990मध्ये, नागरी हक्कांसाठीच्या सेल्मा ते मॉंटगोमेरी मोर्चाच्या पंचविसाव्या वर्षदिनासाठी स्वयंपाक करत असतानाच त्या आजारी पडून वारल्या. घरच्यांनी ते जेवण सांत्वनाला आलेल्यांना वाढले. डेरिकोट स्ट्रीटवरच्या घरासमोर आज त्यांच्या नावाचा स्मारकफलक आहे.