'स्टार ट्रेक' : कॅसेटपासून ब्लू-रेपर्यंत

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञानमालिका १९६६ ते १९६९ या काळात तीन पर्वांत प्रसारित झाली. एकूण भाग ७९. आमच्या पिढीने कॅप्टन कर्क आणि मिस्टर स्पॉक यांना १९८० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिले.

व्हीएचएस : वाहिनीने नाकारलेला पहिला भाग 'द केज' १९८६ मध्ये कॅसेटवर आला. पूर्ण रंगीत प्रत हाती नसल्याने त्यातील काही दृश्ये कृष्णधवल होती. उरलेली रंगीत फिल्म पुढे सापडली आणि १९८८ मध्ये तो भाग संपूर्ण रंगीत झाला.

डीव्हीडी : १९९९ ते २००१ दरम्यान प्रत्येकी दोन भागांच्या ४० डिस्क निघाल्या. २००४ मध्ये पर्वानुसार तीन संच आले. अमेरिकेतून डीव्हीडी मागवताना विभाग क्रमांक पाहावा. तिकडचा १, आपला ५.

ब्लू-रे : २००९. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झालेले असल्याने मूळ निगेटिव्हवरून नवी, स्पष्ट प्रत काढता आली.

म्हणजे मालिका टिकली ती मूळ फिल्म जपल्यामुळे. आपल्या गणेशोत्सवाच्या आणि घरच्या लग्न-मुंजींच्या व्हीएचएस कॅसेटींमागे अशी फिल्म नाही. कॅसेट हीच मूळ प्रत. तिला बुरशी लागण्यापूर्वी आणि चालू व्हीसीआर मिळेनासा होण्यापूर्वी सभासदांनी डिजिटल प्रत करून घ्यावी व ती दोन ठिकाणी ठेवावी, ही आमची विनंती.