पंचरंगी सामने आणि वर्ध्याचे निवेदन (१९४०)

पंचरंगी सामने : मुंबईत धर्मवार संघांत खेळली जाणारी क्रिकेट स्पर्धा. युरोपियन व पारशी यांच्या प्रेसिडेन्सी सामन्यांपासून सुरुवात. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर ती तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन आदींचा ‘शेष’ संघ आल्यावर पंचरंगी.

संघांतर्गत भेद : धर्माच्या नावाने उभा राहिलेला संघ आतूनही एकसंध नव्हता. डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात ज्या हिंदू संघाला ते सामने जिंकून देत, त्याच संघात त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

खंड : सविनय कायदेभंगामुळे १९३०–३३ या काळात स्पर्धा झाली नाही.

वर्ध्याचे निवेदन : १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथून विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. नेते तुरुंगात असताना सामने भरवावेत का, असा वाद मुंबईत उठला. डिसेंबरमध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी सल्ल्यासाठी वर्ध्याला महात्मा गांधींकडे आले. सत्याग्रहींची अटक आणि जगभर पेटलेले युद्ध पाहता अशी करमणूक टाळावी, असे गांधींनी सांगितले. विचारणा एका वर्षाच्या सामन्यांची होती. उत्तर त्यापुढे गेले. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यातील सामने समजू शकतात, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच उमगले नाही, असे त्यांनी म्हटले. जातीय वृत्तीचा स्पर्श नसलेले एक तरी क्षेत्र जीवनात असावे, ही त्यांची अपेक्षा होती. पंचरंगीविषयीचे हे सर्वांत महत्त्वाचे सार्वजनिक मत मानावे लागेल.

परिणाम : त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही, मुसलमान विजयी झाले. १९४१ मध्ये हिंदू परतले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी आणि समालोचक ए. एफ. एस. तल्यारखान यांनी विरोध चालू ठेवला. या सामन्यांनी तेढ वाढत नाही, उलट समाज जवळ येतात, असे समर्थकांचे म्हणणे होते. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंवर एका गड्याने मिळवलेला विजय खिलाडूपणे स्वीकारला गेला. सांगलीचे ख्रिस्ती फलंदाज विजय हजारे यांनी १९४३ च्या अंतिम सामन्यात शेष संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा केल्या. एवढ्या गुणवत्तेलाही संघ धर्मावरून मिळावा, यातच या पद्धतीचा दोष दिसतो.

अखेर : १९४५–४६ ची स्पर्धा शेवटची, तिची जागा विभागवार सामन्यांनी घेतली. वर्धा जिल्हा आज विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. विदर्भाने २०१७–१८, २०१८–१९ व २०२४–२५ मध्ये जिंकलेला रणजी करंडक हा प्रदेशावर उभ्या राहिलेल्या संघाचा आहे.