पायलीवरची पदवी

नेरळला मोठ्या गाडीतून उतरून तुम्ही माथेरानच्या छोट्या गाडीत बसता. पहिल्या वळणालाच डोळ्यांत कोळशाचा कण जातो, तेव्हा कळतं की इंजिन वाफेचं आहे आणि आपलं साल खालीच राहून गेलंय. १९०७ साली ही रेल्वे डोंगरावर चढली ती पीरभॉय घराण्याच्या पैशावर. सरकारनं आदमजी पीरभॉयना 'सर' केलं. मोठी पदवी, आणि ती शोभलीही.

वर तांबडी माती, घोडे, माणसांनी ओढायच्या रिक्षा. इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष आहेत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला याच गावात, नाभिक घरात जन्मलेले. शिकून वकील झाले. उपाध्यक्ष हे पद आहे, निवडून मिळालेलं. पण तुम्ही आलात ते त्यांच्या दुसऱ्या नावासाठी, आणि ते नाव पडलं डोंगराखाली. म्हणून पायवाटेनं उतरा.

आषाढ लागलाय. कर्जत तालुक्यातलं एक गाव. लावणीची घाई आहे आणि घरातल्या कणग्या रिकाम्या. दर वर्षी याच दिवसांत माणूस सावकाराच्या दारी जातो, एक मण भात घेतो आणि सुगीला दीड मण घालतो. ही दिढी. शेत कुणाचंही असो, खळ्यावर आधी सावकाराची गाडी उभी राहते. हे चक्र मोडायला कोतवालांनी धान्यकोठी उभी केलीय. तुम्ही पडवीच्या कडेला उभे राहता. मापारी पायली भातात खुपसतो, तळहातानं वरचं सपाट करतो आणि ओततो. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. एक म्हातारी ठाकरीण लुगड्याच्या ओच्यात भात घेते. कुणाचं म्हणून विचारलंत तर ती एवढंच सांगेल, "भाईंचं."

मला विचाराल तर 'भाई' ही पदवी इथं मिळाली.  तिची सनद लिहायला कुणाला अक्षर येत नव्हतं. म्हणून तर कोतवालांनी खेडोपाडी शाळा काढल्या.

आता १९४२. इंग्रज सरकारविरुद्धच्या लढ्यात भाई भूमिगत आहेत आणि त्यांच्या डोक्यावर सरकारनं बक्षीस लावलंय. खोपोली आणि भिवपुरीच्या वीजघरांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारा तुमच्या डोक्यावर गुणगुणताहेत. त्याच विजेवर गिरण्या चालतात, आगगाड्या धावतात. अंधारात भाईंच्या आझाद दस्त्याची पोरं मनोऱ्याच्या पायाशी बसलीत. करवतीचा आवाज बारीक आहे, रातकिड्यांत मिसळून जाणारा. कापलेल्या लोखंडाला बोट लावू नका, अजून तापलेलं आहे. मग वरून एक लांब करकर येते आणि सगळे पळतात.

पुढचं फार पाहवत नाही. २ जानेवारी १९४३, सिद्धगडचं रान, पहाट. दवानं पाला भिजलाय, पावलं वाजत नाहीत, तुमचीही नाहीत आणि पोलिसांचीही नाहीत. गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील पडतात. भाई जखमी होतात, आणि हॉल नावाचा पोलीस अधिकारी जवळ येऊन त्यांना गोळी घालतो. वय तीस.

त्यानंतर लोकांनी नावामागे 'वीर' लावलं, 'हुतात्मा' लावलं. दादरला प्लाझासमोरच्या बागेवरही वीर कोतवाल हेच नाव आहे, आणि रोज हजारो माणसं ते पत्ता म्हणून उच्चारतात.

परतीच्या वाटेवर सिद्धगडला थांबा, आजच्या सालातल्या २ जानेवारीला. काळोखातच कर्जत आणि मुरबाडकडून माणसं चढून येतात, आजोबांच्या पाठीमागे नातवंडं. तुमच्या शेजारी कानटोपी घातलेला एक मुलगा थंडीनं कुडकुडतोय. घोषणा सुरू होते. पूर्ण नाव त्याला अजून पाठ नाही. तो फक्त शेवटचं ओरडतो, भाई कोतवाल, आणि सगळ्यांचं 'अमर रहे' संपलं तरी त्याचं एकट्याचं चालूच राहतं.