हा फोन कोणाचा?

जव्हारच्या बाजारपेठेत माझी समुपदेशनाची खोली आहे. पहिल्यांदा आलेल्या माणसापुढे मी लगेच कागद ठेवत नाही. मोखाड्याहून एसटीने आलेली बाई आधी पाणी पिते, दोनदा दाराकडे बघते. कागद दिसला की हात पदराआड जातो. अंगठा मागतील असं तिला वाटतं.

ही भीती जुनी आहे. आजच्या पालघर जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्यात लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस मालकाचा 'लग्नगडी' व्हायचा. फेड कधी संपायचीच नाही, नवरा-बायको दोघंही वेठीला राबायची. १९४५च्या वारली उठावाने, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, या गुलामीवर घाव घातला. कागदाचा धसका मात्र राहिला. पुढे १९९२ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि वह्या घेऊन माणसं पाड्यांवर येऊ लागली. मुलं किती, गेली किती, वजन किती? वहीचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, असं म्हाताऱ्या बाया आजही बोलून दाखवतात.

मनाचं दुखणं तेव्हा भगताकडे जायचं, आजही जातं. भगत दाणे बघतो, कधीपासून, कुठे गेला होतास, घरात कोण आलं होतं, असं विचारतो. तो काही लिहून ठेवत नाही, माणसाला घाईही करत नाही. हे मी त्याच्याकडून शिकले. पण ते विचारणं भरल्या अंगणात होतं, आणि त्यातून एखादी बाई 'भुताळी' ठरली की तिचं गावात राहणं अवघड होतं.

सरकारी कागदही निर्धोक नव्हता. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३०९ जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद सांगायचं. म्हणून फवारणीचं औषध प्यायलेल्या पोराबद्दल घरचे 'चुकून प्यायला' म्हणत आणि केस पेपरवर तेच उतरायचं. खरं दुखणं तिथेच हरवायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलं नाही.

सुरुवातीला मीही चुकले. एका संस्थेने कार्यक्रमासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायांची यादी मागितली, मी आठ नावं दिली. ती भर बैठकीत वाचली गेली. त्यातली एक पुन्हा कधीच आली नाही. त्या रात्री मी छापील फॉर्म घेऊन बसले. जात, उत्पन्न, आधार क्रमांक हे रकाने खोडले. झोप न येण्याशी त्यांचा काय संबंध?

एक रकाना वाढवला. 'संपर्क क्रमांक'च्या खाली लिहिलं: हा फोन कोणाचा? दिवाळीनंतर इथली घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. बाईने दिलेला नंबर दिराचा असतो, नाहीतर मुकादमाचा. मी फोन करून 'समुपदेशन' एवढा शब्द उच्चारला तरी तिचं गुपित भट्टीवर फुटतं. म्हणून तिलाच विचारते, फोन केला तर काय सांगू? एकीने सांगितलं, ''शिवणक्लासची बाई बोलते म्हणा.'' तिच्या कागदावर तेच लिहून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट मी ऐकायला बसण्याआधी सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने मला ते कळवावंच लागतं. हे नंतर सांगणं म्हणजे फसवणूक. ऐकून काही जणी उठून जातात. जाऊ देते, दार उघडं आहे असं सांगून.

तुम्ही कुठल्याही समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, ही वही कुठे ठेवता, कोण वाचतं? उत्तर मिळेपर्यंत पूर्ण नावसुद्धा सांगू नका.